कौटुंबिक विनोदी सिनेमा मुलांना दाखवावा का? क्रमानं तपासायची रीत

रविवारी सकाळी दहा वाजता मला हमखास एक मेसेज येतो. "अकराच्या शोची तिकिटं काढलीत, मुलांना चालेल ना हा सिनेमा?" तिकिटं आधी आणि प्रश्न नंतर, इथेच पहिली चूक होते. पैसे गेलेले असतात, पोरं कपडे घालून दारात उभी असतात. उत्तर काहीही आलं तरी सगळे जातातच.

दुसरी चूक म्हणजे "कॉमेडी आहे, फॅमिली आहे" एवढ्यावर भागवणं. जाहिरातीतलं "सहकुटुंब पाहावा" हे वाक्य बहुतेक वेळा मोठ्यांसाठी असतं. सासू-सासऱ्यांशेजारी बसून बघताना कुणाला मान खाली घालावी लागणार नाही, एवढंच ते सांगतं. तुमच्या सहा वर्षांच्या मुलीचा विचार त्यात झालेला असेलच असं नाही.

आमच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत मुलांसाठी सिनेमे निवडायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. त्यात माझ्या हातून चुका झाल्या, त्यातली एक पुढे सांगते. खालचा क्रम त्या चुकांतूनच ठरत गेला. सगळं मिळून पाऊण तास लागतो, आणि हे काम आदल्या दिवशी करायचं.

## १. आधी मुलाचा कागद करा

सिनेमाची माहिती काढण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर चार गोष्टी लिहा.

१. बघणाऱ्यांतल्या सगळ्यात लहान मुलाचं वय. मामाकडची, आत्याकडची पोरं एकत्र बसणार असतील तर निर्णय धाकट्याच्या वयावर होतो, थोरल्याच्या हट्टावर नाही.
२. सध्या त्याला कशाची भीती वाटते. कुत्रा, अंधार, इंजेक्शन, हरवणं, मोठा आवाज, जे असेल ते.
३. घरात सध्या काय चाललंय. आजोबा नुकतेच गेलेत, आई-बाबांत ताण आहे, बाळ येणार आहे, शाळा बदलली आहे.
४. शाळेत किंवा खाली खेळताना त्याला कुणी काही चिडवतं का. किंवा तो कुणाला चिडवतो का.

चौथी ओळ सगळे विसरतात, आणि विनोदी सिनेमाच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची असते.

वयाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला उपरोध फारसा कळत नाही. पडद्यावरचा बाप हसत हसत "तुला तर आम्ही कचराकुंडीतून उचलून आणलंय" म्हणाला की आपण हसतो, पण ते मूल रात्री अंथरुणात विचारतं, "मला कुठून आणलं?" दहा वर्षांच्या मुलाला ती थट्टा आहे हे कळतं. वाक्य तेच, पण एका घरात ते निरुपद्रवी आणि दुसऱ्या घरात मुलाची झोप उडवणारं.

तपासा: कागदावर चारही ओळी भरल्या का? "काही नाही" असं लिहिलं तरी चालेल, पण विचार करून लिहा.

## २. प्रमाणपत्र वाचा, पण त्याला काय विचारायचं ते ओळखून

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र सिनेमाच्या सुरुवातीला दिसतं, आणि तिकीट काढायच्या ॲपवर वर्ग लिहिलेला असतो. वर्ग असे:

- यू: सगळ्यांसाठी.
- यूए ७+, यूए १३+, यूए १६+: त्या वयाखालच्या मुलांबाबत पालकांनी ठरवायचं.
- ए: फक्त प्रौढांसाठी.
- एस: डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यवसायातल्या लोकांसाठी. आपला संबंध येत नाही.

यूएचे हे तीन भाग २०२३च्या कायदादुरुस्तीनं आले. त्याआधी नुसतं "यूए" असायचं आणि त्यात बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांचं मार्गदर्शन हवं एवढंच सांगितलेलं असायचं. त्यामुळे जुन्या सिनेमावर नुसतं यूए दिसलं तर तो सात वर्षांच्या मुलाला चालणारा आहे की चौदा वर्षांच्या, हे त्यावरून कळणार नाही.

इथे चार गफलती वारंवार होतात.

पहिली, प्रमाणपत्रावरचं देवनागरी अक्षर. "अ" दिसलं की काही जण दचकतात, कारण त्यांना ते इंग्रजी ए वाटतं. हे "अ" म्हणजे अनिर्बंधित, म्हणजेच यू. प्रौढांसाठी "व" असतं, वयस्क.

दुसरी, ट्रेलरचं प्रमाणपत्र. थिएटरमध्ये दाखवल्या जाणाऱ्या ट्रेलरला स्वतंत्र प्रमाणपत्र असतं. ट्रेलरआधी यू दिसलं म्हणून सिनेमा यू आहे असं धरू नका. तो यू दोन मिनिटांच्या त्या तुकड्यापुरता असतो.

तिसरी, "आत सोडलं म्हणजे चालत असेल". यूएच्या वयाची अट पालकांसाठी सल्ला आहे. सात वर्षांच्या मुलाला घेऊन यूए १६+ ला गेलात तर तिकीट तपासणाऱ्यानं अडवावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. तो फक्त "ए" ला अडवतो. बाकी सगळ्या वेळी दारावर उभे असतो ते आपणच.

चौथी, ओटीटी. तिथे थेट आलेल्या सिनेमाला वर्ग मंडळ देत नाही. २०२१च्या नियमांनुसार ती कंपनी स्वतःच देते. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात "शिवराळ भाषा", "हिंसा", "मद्यपान" असे शब्द असतात. लोक आकडा वाचतात आणि ते शब्द सोडून देतात. खरी माहिती त्या शब्दांत असते.

डब केलेल्या सिनेमाबद्दल एवढंच सांगते: मूळ इंग्रजी सिनेमा मुलांचा आहे म्हणून हिंदी डबिंगही तसंच असेल, असं गृहीत धरू नका. विनोद नव्यानं लिहिले जातात आणि त्यांत टपोरी शब्द घुसतात. प्रत्येक भाषेतल्या आवृत्तीचं प्रमाणपत्र वेगळं असतं.

सावधान: "यू" चा अर्थ आक्षेपार्ह दृश्यं नाहीत, असा घ्या. तुमच्या मुलासाठी योग्य आहे, असा नाही. या दोन्हींत अंतर कुठे पडतं ते पाचव्या टप्प्यात येईल.

## ३. दोन ठिकाणांहून माहिती काढा

आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमाच्या पानावर पालकांसाठी एक विभाग असतो. त्यात लैंगिक दृश्यं, हिंसा, शिव्या, दारू-सिगारेट आणि भीतीदायक प्रसंग अशा पाच मथळ्यांखाली प्रेक्षकांनी नोंदी केलेल्या असतात. इंग्रजी सिनेमांसाठी हा विभाग चांगला भरलेला असतो. मराठीच्या बाबतीत तो पुष्कळदा रिकामाच सापडतो, आणि रिकामा म्हणजे "काही आक्षेपार्ह नाही" असा अर्थ होत नाही. कुणी लिहिलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदी सिनेमासाठी एक उपयोगी वाट आहे. ब्रिटनमध्ये लागणाऱ्या हिंदी सिनेमांना तिथलं मंडळ, म्हणजे बीबीएफसी, वेगळा वर्ग देतं आणि तो का दिला हे थोडक्यात लिहितं. त्यांच्या संकेतस्थळावर सिनेमाचं नाव टाकलं की ते वाचता येतं.

मराठी सिनेमासाठी मात्र माणसांनाच विचारावं लागतं. मग प्रश्न नीट विचारा. "कसा आहे?" असं विचारलं तर "मस्त, खूप हसलो" हेच उत्तर येणार. त्याऐवजी हे विचारा:

- तुमच्यासोबत किती वर्षांचं मूल होतं?
- ते कुठे गप्प झालं, किंवा कुठे तुमच्याकडे बघायला लागलं?
- घरी आल्यावर त्यानं कोणतं वाक्य उचललं?
- मध्यंतरानंतर कुणी रडतं, मरतं, हॉस्पिटलात जातं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं. मुलानं उचललेलं वाक्य कळलं की सिनेमाचा निम्मा स्वभाव कळतो.

## ४. ट्रेलर दोनदा

एकदा आवाज बंद करून बघा. संवाद कानावर नसले की कोण कोणाला ढकलतंय, किती कानफटात बसतायत, बाटल्या किती दिसतायत, नाचात कॅमेरा कुठे रेंगाळतोय, हे सगळं उघडं पडतं. दुसऱ्यांदा मोबाइल उलटा ठेवून फक्त ऐका. शब्द ऐका, आणि विनोदानंतर वाजणारं ते "टुंइंग" कोणत्या क्षणी वाजतं तेही ऐका. दिग्दर्शकाला आपण नेमकं कशाला हसायला हवंय, हे तो आवाज सांगतो.

## ५. हसू कोणावर आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, कारण प्रमाणपत्र तुम्हाला हे सांगत नाही.

एका मे महिन्यात मी सोसायटीच्या हॉलमध्ये एक यू वर्गातला विनोदी सिनेमा लावला. त्यात अडखळत बोलणारा एक नोकर होता. शब्द अडकला की बाकीची पात्रं त्याच्यासाठी तो शब्द ओरडून पूर्ण करायची. चाळीस पोरं लोळून हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाल्कनीत उभी होते. खाली डबा-ऐसपैस चालू होता. राज्य आलेल्या मुलाला "भिंतीमागे" म्हणायचं होतं, तो "भिं... भिं..." वर थांबला, आणि सगळ्यांनी एका सुरात तो शब्द ओरडून पूर्ण केला, अगदी सिनेमातल्यासारखा. त्यानं हातातला डबा हळूच खाली ठेवला आणि तो जिना चढून घरी गेला. पुढचे दहा-बारा दिवस तो खाली आला नाही. आमच्या इमारतीत एक मूल अडखळत बोलतं हे मला माहीत होतं. पहिल्या टप्प्यातली चौथी ओळ त्या दिवसापासून कागदावर आली.

म्हणून प्रत्येक मोठ्या विनोदाला एकच प्रश्न विचारायचा: हा विनोद उद्या शाळेच्या मधल्या सुट्टीत कुणावर वापरला जाईल? नाव डोळ्यासमोर आलं तर थांबा.

आपल्याकडच्या कौटुंबिक विनोदी सिनेमांत सारखी भेटणारी ठिकाणं ही:

शरीर. जाडी, काळा रंग, टक्कल, बुटकेपणा, चष्मा, बहिरेपणा, अडखळणं. जाड्या मुलाच्या हातात कायम वडापाव दिला असेल आणि त्याला सिनेमाभर दुसरं काही कामच नसेल, तर तो पात्र म्हणून आलेला नाही, टिंगलीसाठी आलाय.

बोली. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणारा म्हणजे बावळट आणि प्रमाण मराठी बोलणारा शहाणा. ज्या घरात आजी गावाकडची भाषा बोलते तिथे मुलाला ही शिकवण नको.

घरकाम करणारी माणसं. मोलकरीण, वॉचमन, ड्रायव्हर यांचा अपमान झाला की संगीत वाजतं का?

साडी नेसलेला पुरुष. हे सरसकट वाईट नाही, नीट बघावं लागतं. १९८८ सालचा "अशी ही बनवाबनवी" घ्या, तो बहुतेक घरांत पाठ आहे. त्यात दोन पुरुष बायका होतात ते पुण्यात खोली मिळावी म्हणून, आणि आपण हसतो ते त्यांचं बिंग फुटायची वेळ येते तेव्हा. म्हणजे हसू त्यांच्या फजितीवर आहे. पण जिथे बायकी चालणाऱ्या माणसाला किंवा तृतीयपंथी व्यक्तीला बघून बाकीचे किंचाळून पळतात, तिथे हसू त्या माणसाच्या असण्यावर आहे. दोन्हीकडे साडीच दिसते, विनोद मात्र अगदी वेगळा.

दारू. दारू प्यायलेला काका धडपडतो आणि सगळे हसतात. ज्या मुलाच्या घरात खरंच कुणी पिऊन येतं, त्याला तिथे हसू येत नाही. ते आजूबाजूला बघायला लागतं.

दुहेरी अर्थाचे संवाद. "त्यांना कुठे कळतंय" असं आपण म्हणतो. अर्थ कळत नाही हे खरं, पण मोठे विचित्र हसले हे मुलाला बरोबर कळतं. वाक्य लक्षात राहतं आणि ते वर्गात, बाईंसमोर बोललं जातं. मग शिक्षा मुलाला होते.

या जागा सापडल्या की लगेच सिनेमा बाद करू नका. पुढचं बघा: ज्याच्यावर हसले तो उलट बोलतो का? शेवटी त्याला मान मिळतो का? चिडवणाऱ्याची फजिती होते का? चिडवणं दाखवणारा सिनेमा आणि स्वतःच चिडवणारा सिनेमा, हे दोन वेगळे. पहिला तर मुलांना आवर्जून दाखवावा.

तपासा: सिनेमातले तीन मोठे विनोद आठवून प्रत्येकापुढे "कोणावर" हे लिहा. तिन्हींपुढे दुबळं माणूस आलं तर पुढचे टप्पे करायची गरज नाही.

हात बसेपर्यंत हा सराव घरातल्या पाठ सिनेमावर करा. "बनवाबनवी" चंच बोलायचं तर, त्यात खोटं गरोदरपण आणि डोहाळजेवणाचं गाणं आहे. पाच वर्षांचं मूल "मग ते बाळ कुठे गेलं?" असं विचारतं. तपासणी करताना असे प्रश्न आधीच कागदावर उतरले की ऐन वेळी "गप्प बस, बघ" म्हणावं लागत नाही.

## ६. नक्कल होईल असं काय आहे

विनोदी सिनेमात मार लागत नाही, ही मुलांसाठी मोठी अडचण आहे. डोक्यावर तवा बसतो, माणूस डोळे फिरवतो आणि पुढच्या दृश्यात ठणठणीत उभा असतो. "होम अलोन" या १९९० सालच्या अमेरिकी सिनेमात आठ वर्षांचा मुलगा चोरांच्या अंगावर इस्त्री पाडतो, दाराची मूठ तापवतो, रंगाचे डबे दोरीनं झुलवून तोंडावर मारतो. चोर पुन्हा उठतात. खरा माणूस उठला नसता. अमेरिकेत या सिनेमाला पालकांच्या मार्गदर्शनाचा, म्हणजे पीजी वर्ग आहे, आणि इथे मार्गदर्शन म्हणजे शेजारी बसून "ही इस्त्री खरी असती तर?" एवढं विचारणं.

मी एक सोपी कसोटी वापरते. त्या दृश्यातलं सामान घरात मुलाच्या हाताला येतं का? तलवार आणि बंदूक येत नाही. जिना, इस्त्री, गॅसचं बटण, विजेचा प्लग, दोरी, प्लॅस्टिकची पिशवी, आजीच्या गोळ्या येतात. गळ्याला फास लावून कुणाला तरी घाबरवायचा "विनोद" असेल तर दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी तो सिनेमा सरळ बाजूला ठेवते, बाकी कितीही गोड असला तरी.

## ७. मध्यंतरानंतरचा भाग वेगळा तपासा

आपले कौटुंबिक विनोदी सिनेमे पुष्कळदा मध्यंतरापर्यंतच विनोदी असतात. नंतर गैरसमज होतो, बाप मुलाला कानफटात मारतो, आई घर सोडते, आजोबांना झटका येतो. ट्रेलरमध्ये यातलं काहीच नसतं. कागदावरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळी इथे लावून बघा. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हॉस्पिटलचं एक दृश्य पुरतं.

सिनेमा ओटीटीवर किंवा टीव्हीवर आलेला असेल तर पूर्ण बघायची गरज नाही. तीन तुकडे बघा: पहिली दहा मिनिटं, मध्यंतराच्या आगेमागची दहा मिनिटं, आणि शेवटच्या अर्ध्या तासातली सुरुवातीची पंधरा मिनिटं. विनोदी सिनेमातला सगळ्यात जड प्रसंग बहुधा त्या तिसऱ्या तुकड्यात असतो.

सावधान: "मी लहानपणी बघितलाय, काही नव्हतं त्यात" यावर विसंबू नका. लहानपणी आपल्याला लक्षात राहिलेला सिनेमा आणि प्रत्यक्षातला सिनेमा यांत बराच फरक पडतो. पुन्हा हे तीन तुकडे बघाच.

## ८. निर्णय घ्या, आणि मुलाला सांगा

उत्तरं तीन असू शकतात: आत्ता चालेल, सोबत बसून चालेल, नंतर. "नंतर" म्हणायचं तर वय सांगून म्हणा. "तू तिसरीत गेलास की आपण दोघं बघू", आणि मग खरंच दाखवा. नुसता नकार दिला तर मूल तोच सिनेमा मित्राच्या मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत बघतं, तेही शेजारी कुणी नसताना.

"सोबत" म्हणजे त्याच खोलीत मोबाइल बघत बसणं नव्हे.

## ९. बघताना

थिएटरमध्ये कडेची खुर्ची घ्या. बाहेर पडायची खूण आधी ठरवा. आमच्याकडे हात दोनदा दाबला की प्रश्न न विचारता उठायचं. तंबाखूविरोधी फिती सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमाराला येतात, किमान ३० सेकंदांच्या. त्यातले तोंडाच्या कर्करोगाचे चेहरे बघून रडलेली मुलं मी पाहिली आहेत. धाकट्याला तेवढ्यापुरतं पॉपकॉर्न आणायला घेऊन जा.

घरी ओटीटीवर असाल तर मुलांचं प्रोफाइल वेगळं करा आणि पिन घाला. यूए १३+ आणि त्यावरच्या सगळ्यासाठी कुलपाची सोय देणं कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ते लावायचं काम आपलं. एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, नाहीतर पाऊण तास खपून निवडलेल्या सिनेमानंतर न निवडलेला सुरू होतो.

## १०. संपल्यावर

लगेच विचारू नका. रिक्षात, जेवताना किंवा झोपताना सहज विषय काढा. कुणाला बघून सगळ्यात जास्त हसू आलं? त्याला कसं वाटलं असेल? कुठे नको वाटलं? उत्तर आलं नाही तर सोडून द्या, उपदेश करू नका.

पुढचे चार-पाच दिवस कान मात्र उघडे ठेवा. मूल खेळताना कोणतं वाक्य म्हणतं आणि कोणाला म्हणतं, ते ऐका. ते वाक्य त्याच कागदाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी कागद काढाल तेव्हा चौथी ओळ भरायला तेच कामी येईल.